गणपतीला गावी जाणाऱ्या डायलिसिस पेशंटसाठी एक मशीन राखून ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आले की कोकणात जाणाऱ्यांसाठी तुमच्या पेपरात सगळी माहिती येते, जादा रेल्वेगाड्या किती, एसटी किती सोडणार, टोलमाफीचे पास कुठे मिळणार, हायवेवर मदत केंद्रं कुठे कुठे आहेत, आणि मी ते सगळं शेवटच्या ओळीपर्यंत वाचते की यावेळी तरी डायलिसिसवाल्यांसाठी काही लिहिलंय का. नसतं. म्हणून हे पत्र, थोडं मोठं होईल, पण जमलं तर छापा.

माझे मिस्टर ५४ वर्षांचे आहेत, डायलिसिसला चार वर्षं होतील, मंगळवार-गुरुवार-शनिवार, सकाळची शिफ्ट, चार-चार तास. आम्ही डोंबिवलीला राहतो आणि गाव कुडाळ तालुक्यात. चाकरमान्याला गणपतीला गावी जाऊ नको म्हणून सांगणं म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला समजवायला नको. डायलिसिस सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी आम्ही गेलोच नाही, हे आरतीच्या वेळी गावच्या घरी व्हिडिओ कॉल लावून बसले होते आणि मध्येच नेटवर्क गेलं तर मोबाईल हातात धरून तसेच बसून राहिले. ते बघून मी ठरवलं की पुढच्या वर्षी जायचंच.

आणि पुढच्या वर्षी, २०२३ ला, गेलो. त्या वर्षी चतुर्थी १९ सप्टेंबरला मंगळवारी होती, म्हणजे नेमका ह्यांचा डायलिसिसचा दिवस. मी गावाजवळच्या एका खाजगी सेंटरला फोन केला होता, तिकडून सांगितलं मशीन आहे, या तुम्ही. एवढ्यावर मी निर्धास्त. शनिवारी सकाळी इकडे डायलिसिस करून घेतलं, रविवारी प्रायव्हेट बसने निघालो, माणगावला जी गाडी अडकली ती अडकलीच, सतरा तास लागले पोचायला. मंगळवारी सेंटरवर गेलो तर कुलूप, चतुर्थीची सुट्टी. हे त्यांनी फोनवर सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. बुधवारी परत गेलो तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी चे रिपोर्ट मागितले, आमच्याकडे होते पण चार महिन्यांपूर्वीचे, त्यांना महिन्याभरातले हवे होते. रक्त द्या, रिपोर्ट उद्या येईल, मग बघू. आता मला कळतं की रिपोर्ट मागण्यात त्यांचं काही चुकलं नाही, ही इन्फेक्शन्स डायलिसिस युनिटमध्ये एकाची दुसऱ्याला लागू शकतात, हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह पेशंटला तर मशीनच वेगळं लागतं. पण ही गोष्ट फोनवर एका वाक्यात सांगण्यासारखी होती.

त्यात अजून एक झालं होतं जे मला नंतर कळलं. सोमवारी आम्ही पोचल्या पोचल्या ह्यांच्या चुलतभावाने माडावरून शहाळी काढली आणि "घे रे, आपल्या माडाचा शहाळा आसा, काय्येक होवचा नाय" म्हणून प्रेमाने हातात दिलं, मी आत सामान लावत होते, ह्यांनी दोन प्यायली. शंभर मिली शहाळ्याच्या पाण्यात साधारण अडीचशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, एका शहाळ्यात तीनशे मिली पाणी धरा, म्हणजे दोन शहाळ्यांत दीड हजार मिलिग्रॅम. आपल्या किडन्या चांगल्या असतात तेव्हा ते लघवीवाटे निघून जातं, ह्यांना लघवी जवळजवळ होतच नाही, ते रक्तातच साठतं आणि सरळ हृदयावर जातं. आणि पाणी जातं फुफ्फुसात.

बुधवारी रात्री ह्यांना आडवं होता येईना. पडवीतल्या खांबाला उशी लावून बसले होते, पायावर बोट दाबलं तर खळगा पडायचा आणि तसाच राहायचा, श्वास घेताना छातीतून भांड्यात पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता. पाय उचलायलाही ताकद नाही म्हणत होते. रात्री दोनला शेजाऱ्यांची ईको काढली आणि बांद्यावरून गोव्याला नेलं. पहाटे तिथल्या एका हॉस्पिटलात इमर्जन्सी डायलिसिस झालं, तीन लिटरच्या वर पाणी काढलं. शनिवार ते गुरुवार पहाट. बाहेर बाकड्यावर बसले होते तेव्हा उजाडलं आणि लक्षात आलं की आज घरी गौरी यायच्या आहेत.

२०२४ ला कोणी विषयच काढला नाही. २०२५ ला मात्र गेलो, आठ दिवस राहिलो, तीन डायलिसिस तिकडेच केले, आणि हे सुखरूप परत आले. तेच सांगायचंय की फरक कशाने पडला, कारण नशिबाने नाही पडला.

पहिली गोष्ट, आधी मशीन आणि मग तिकीट. रेल्वेचं बुकिंग आता साठ दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत फुल्ल होतात त्यामुळे सगळं घर त्या सकाळी मोबाईल घेऊन बसतं, पण आम्ही त्याच्या आधीच, मे महिन्यातच, दोन सेंटरना फोन करून तारखा लिहून घेतल्या. २७ ऑगस्टला बुधवारी चतुर्थी होती. मंगळवारी २६ ला सकाळी डोंबिवलीत डायलिसिस, दुपारभर झोप, रात्री ठाण्याहून कोकणकन्या, बुधवारी सकाळी कुडाळ. गुरुवार, शनिवार आणि नंतरचा मंगळवार गावाकडच्या सेंटरला, बुधवारी परतीची गाडी, गुरुवारी ४ सप्टेंबरला पुन्हा आपल्या मशीनवर. एकही सेशन चुकवलं नाही. डॉक्टरांचं स्पष्ट म्हणणं आहे की आठवड्यातला जो मोठा गॅप असतो, म्हणजे ह्यांचा शनिवार ते मंगळवार, त्याच्या शेवटी पेशंटला सगळ्यात जास्त धोका असतो, आणि प्रवासाच्या नादात लोक नेमका तोच गॅप अजून एक दिवस वाढवतात, आम्ही पण तेच केलं होतं. बसने जायचं नाही हेही तेव्हाच ठरवलं, हायवेवर कधी पोचू याचा भरवसा नाही आणि डायलिसिसला भरवसाच लागतो.

फोनवर यावेळी मी वही घेऊन बसले होते. चतुर्थीला, गौरीला, विसर्जनाला चालू आहे का. लाईट गेली तर जनरेटर आहे का. आरओ प्लांट व्यवस्थित आहे का, कारण एका डायलिसिसला सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी लागतं, ते नसेल तर मशीन असून उपयोग नाही. रिपोर्ट किती दिवसांतले लागतात. नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, केव्हा असतात आणि नसतात तेव्हा कोण बघतं. डायलायझर, म्हणजे मशीनला लावायची रक्त गाळणारी नळी, त्यांचा की आपला न्यायचा. पैसे किती आणि सरकारी योजनेत होईल का. सेंटरच्या ताईंनी सगळी उत्तरं नीट दिली, शेवटी म्हणाल्या की वहिनी असं विचारून कोणी येत नाही हो, डायरेक्ट दारात येतात. मग मी त्यांना माझं सगळं सांगितलं.

इकडच्या सेंटरकडून एक कागद घेतला ज्याच्यावर ह्यांचं ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन) ५८ किलो, आठवड्यातून तीन वेळा, चार तास, डायलायझर कुठला, ब्लड फ्लो किती, रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपरिन किती, फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी) डाव्या हाताला, कुठल्या औषधाची ॲलर्जी, चालू गोळ्या, हे सगळं एका पानावर लिहिलेलं, खाली डॉक्टरांची सही आणि नंबर. सोबत शेवटच्या तीन सेशनच्या शीट, ईसीजी, ताजे रक्ताचे रिपोर्ट. त्याच्या दोन झेरॉक्स आणि मोबाईलवर फोटो. हा कागद काढायला इकडच्या टेक्निशियनला दहा मिनिटं लागली, पण तिकडच्या टेक्निशियनला पहिल्यांदाच बघितलेल्या माणसाला मशीनवर घेताना सगळा आधार ह्या कागदाचाच होता. हिमोग्लोबिनचं इंजेक्शन फ्रिजमधलं असतं, ते बर्फाच्या पिशवीला डायरेक्ट न लावता टॉवेलमध्ये गुंडाळून थर्मासमधून नेलं, कारण गोठलं तरी ते वाया जातं. गोळ्या दोन ठिकाणी ठेवल्या, अर्ध्या माझ्या पर्समध्ये.

वजनकाटा पण नेला. सगळे हसले, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गावी अंगण शेणाने सारवलेलं, उंचसखल, काटा दर वेळी वेगळं दाखवायचा, मग तुळशीजवळ एक लादी होती तिच्यावर ठेवला, रोज सकाळी चहाच्या आधी त्याच कपड्यात वजन. दोन डायलिसिसच्या मध्ये दोन किलोच्या वर जायचं नाही असं आमचं ठरलेलं. ५८ किलोच्या माणसाचं चार तासांत तीन लिटरच्या वर पाणी ओढायला गेलं की पायात गोळे येतात, बीपी खाली जातं, तो दिवस तर जातोच पण परत गाडीत बसायची ताकद उरत नाही. पाणी पिण्यासाठी शंभर मिलीचा एक स्टीलचा पेला त्यांचा वेगळा ठेवला होता, दिवसाला सात पेले, त्यात चहा आला, सोलकढी आली, आमटी आली. गावी पाहुण्याला प्रत्येक घरात काहीतरी प्यायला देतात आणि नाही म्हटलं की राग येतो, म्हणून पहिल्याच संध्याकाळी आरतीला वाडीतली सगळी जमली होती तेव्हा मीच उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की ह्यांना चहा नको, शहाळं नको, केळं नको, तुमचं प्रेम कळतं पण ह्यांना द्यायचंच असेल तर एक मोदक द्या. ज्याने मागे शहाळं दिलं होतं तो चुलतभाऊ खाली मान घालून बसला होता, त्याला कोणी बोललं नाही, बोलायचं कारणही नव्हतं, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पण त्यानंतर आठ दिवस ह्यांच्या हातात काय जातं यावर माझ्याहून जास्त लक्ष त्याचं होतं.

खाण्याचं असंच अजून थोडं. बटाटा, रताळं, खजूर, शेंगदाणे या उपासाच्या सगळ्याच गोष्टींत पोटॅशियम भरपूर, त्यामुळे हरतालिकेचा किंवा ऋषिपंचमीचा उपास करणाऱ्या डायलिसिसवरच्या बायकांनी आधी डॉक्टरांना विचारावं. बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिलं तर पोटॅशियम बरंच कमी होतं. 'लो सोडियम' म्हणून जे मीठ मिळतं त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, बीपीसाठी चांगलं म्हणून कोणी प्रेमाने वापरलं तर ह्यांच्यासाठी ते वाईट. आणि स्टार फ्रूट, म्हणजे कमरख, किडनीच्या पेशंटने एक फोडसुद्धा खायची नाही, त्यातलं विष किडनी काढू शकत नाही आणि ते मेंदूवर जातं.

फिस्टुलाचा हात ही घरातल्या सगळ्यांनी सांभाळायची गोष्ट आहे. रोज सकाळी उठल्यावर हे तिथे बोटं ठेवतात, मांजर घुरघुरावं तसं आत काहीतरी सतत थरथरत असतं, ते लागलं की दिवस सुरू. थरथर बंद झाली तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर टाकायचं नाही. त्या हाताला बीपी नाही, सुई नाही, घड्याळ नाही, बॅग अडकवायची नाही, गाडीत त्या हातावर डोकं ठेवून झोपायचं नाही. सुईच्या जागेतून रक्त आलं तर बोटाने नेमकं तिथेच घट्ट दाबून धरायचं, हात वर करायचा आणि हॉस्पिटल गाठायचं, वर टॉवेल गुंडाळत बसायचं नाही. ज्यांच्या मानेत डायलिसिसची नळी, कॅथेटर, आहे त्यांनी नदीत, समुद्रात, तळ्यात बुडी मारू नये, आंघोळही ड्रेसिंग भिजणार नाही अशीच. हे विसर्जनाला दरवर्षी पाटावर गणपती घेऊन व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उतरायचे, यावेळी पुतण्याने घेतला आणि हे काठावर छत्रीखाली उभे होते. रडत होते पण तिथे होते.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. आमचं निभावलं कारण मी मे महिन्यापासून मागे लागले, माझ्याकडे वेळ होता आणि खाजगी सेंटरला द्यायला पैसे होते. सगळ्यांचं असं नसतं. २०१६ पासून पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळावं म्हणून तो सुरू झाला. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत, त्यात डायलिसिस बसतं आणि आमच्या सेंटरमधले बरेच पेशंट त्याच्यावरच जगतात. पण आमची केस डोंबिवलीच्या हॉस्पिटलला चालू आहे म्हणून मध्येच आठ दिवस दुसरीकडे योजनेत करता येणार नाही असं आम्हाला सांगण्यात आलं. योजना एकच, राज्य एकच, माणूस तोच, फक्त मशीन दुसऱ्या जिल्ह्यात. योजनेचं काम बघणारे आरोग्यमित्र दोन्ही हॉस्पिटलांत बसलेले असतात, त्यांना ठराविक दिवसांसाठी केस तात्पुरती तिकडे वळवता आली पाहिजे.

दुसरं म्हणजे गणेशोत्सवाच्या आधी जिल्ह्यात पूर्वतयारीच्या बैठका होतात, त्यात रस्ते, वीज, एसटी सगळं येतं, त्यातच हा विषय घ्या. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडमध्ये सरकारी डायलिसिस सेंटरवर गणपतीचे बारा दिवस एक मशीन बाहेरून येणाऱ्यांसाठी राखून ठेवा. एका मशीनवर दिवसाला तीन शिफ्ट होतात, सोम-बुध-शुक्र आणि मंगळ-गुरु-शनि असे दोन गट, म्हणजे एका मशीनवर सहा माणसं गावी येऊन राहू शकतात. तिकडच्या पेशंटची पाळी मात्र जाता कामा नये, त्यांना आधीच लांबून यावं लागतं, त्यांचं काढून आम्हाला नको. आणि टेक्निशियन, सिस्टर यांच्याही घरी गणपती असतो, २०२३ ला कुलूप लावून गेलेल्या माणसांवर माझा आता राग नाही. पण त्याच दिवसांत मुंबई-ठाण्याच्या सेंटरवर काही खुर्च्या रिकाम्या पडतात, तिकडचा एखादा टेक्निशियन ज्याचं गाव कोकणात नाही तो जादा भत्ता देऊन बारा दिवस पाठवता येईल, हे काही अवघड नाही.

तिसरं तुमच्यासाठी. जादा गाड्यांच्या यादीशेजारी एक छोटी चौकट टाका, कुठल्या तालुक्यात डायलिसिस कुठे होतं, फोन नंबर, सुट्टी कोणत्या दिवशी, रिपोर्ट कुठले आणि किती दिवसांतले लागतात. आणि ती गणपतीच्या आठवड्यात नको, तिकीट काढायच्या आधी, जूनमध्ये टाका.

जाता जाता, रेल्वेत डायलिसिससाठी किंवा ट्रान्सप्लांटसाठी जाणाऱ्या किडनी पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, सोबतच्या एका माणसालाही, ठराविक नमुन्यातलं हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लागतं. ती उपचारासाठीच्या प्रवासाला आहे, गणपतीला जायला नाही, पण गावाकडून मुंबई-पुण्याला येणाऱ्या अनेकांना ती आहे हेच माहीत नसतं. एसटीतही डायलिसिसच्या पेशंटला मोफत प्रवास आहे, कागद काय लागतात ते आगारात विचारा. आणि जे पोटातलं डायलिसिस, सीएपीडी करतात त्यांना मशीन शोधायला नको, पण दोन-दोन लिटरच्या पिशव्या दिवसाला तीन-चार लागतात, त्या कंपनीला आधी कळवून गावच्या पत्त्यावर मागवता येतात का ते विचारून घ्या, आणि पिशवी बदलायला गणपतीच्या गर्दीतही एक बंद, स्वच्छ, पंखा बंद असलेली खोली पाहिजे हे घरच्यांना आधीच सांगा.

२०२६ ला चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, सोमवारी. म्हणजे दुसऱ्याच दिवशी मंगळवारी ह्यांचं डायलिसिस, आणि त्याच्या आधीचं शनिवारी १२ तारखेला इकडे. गेल्या वर्षीच्या सेंटरला मी फोन केला होता, मंगळवारी चालू ठेवणार का ते अजून ठरलेलं नाही म्हणाले, पुढच्या महिन्यात परत विचारा. परत विचारणार आहे.

आपली,
एका डायलिसिस पेशंटची बायको
डोंबिवली (मूळ गाव कुडाळ तालुका)